चुकतमाकत पुढे जाणारा जीव : हर्बर्ट जेनिंग्ज यांची गोष्ट

वाचनापूर्वी

सिंगापूरच्या एमआरटीमध्ये डुरियन न्यायला बंदी आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आता समजा, तुम्हाला डुरियनचा वास अजिबात सहन होत नाही. तुमचे डोळे बांधलेत आणि तुम्ही बाजारात उभे आहात. वास तर येतोय, पण दुकान कुठल्या बाजूला आहे ते दिसत नाही. तुम्ही त्या वासापासून लांब कसे जाल? घरात आई, बाबा किंवा आजीशी यावर दोन मिनिटं मराठीत बोला. मग पाठ वाचा.

पाठ

१. पाण्याचा एक थेंब

तळ्याचं थोडं पाणी बरणीत घ्यायचं. त्यात वाळलेल्या गवताच्या चार काड्या टाकायच्या आणि बरणी आठवडाभर ठेवून द्यायची. (सिंगापुरात डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून बरणीच्या तोंडाला घट्ट कापड बांधायला विसरू नका!) मग त्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. नशीब चांगलं असेल तर त्यात एक छोटा जीव पळताना दिसतो. आकार चपलेच्या तळव्यासारखा. लांबी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहून कमी. याचं नाव पॅरामिशियम.

पॅरामिशियमचं सगळं शरीर म्हणजे एकच पेशी. त्याला डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू नाही. अंगावर केसांसारखे हजारो बारीक तंतू असतात. ते तंतू वल्ह्यांसारखे हलवत तो पोहतो. पोहताना स्वतःभोवती गोल गोल फिरतो, म्हणजे स्क्रू लाकडात जातो तसा पुढे जातो.

आता त्याच्या वाटेत मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडा. पॅरामिशियम थेंबाच्या कडेपर्यंत येतो, झटकन मागे सरकतो, थोडा वळतो आणि दुसऱ्या दिशेने निघून जातो. आत शिरत नाही.

ज्याला नाक नाही त्याला हे कळलं कसं? आणि मेंदू नाही, तर मागे फिरायचं हे ठरवलं कुणी? सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने या प्रश्नासाठी आपली कितीतरी वर्षं दिली. त्यांचं नाव हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज.

२. डॉक्टरांचा मुलगा

हर्बर्टचा जन्म ८ एप्रिल १८६८ रोजी अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या टोनिका नावाच्या लहानशा गावात झाला. वडील गावात डॉक्टर होते. त्यांना पुस्तकांचं फार वेड. त्या काळात इंग्लंडमधले दोन विचारवंत गाजत होते, हर्बर्ट स्पेन्सर आणि चार्ल्स डार्विन. वडिलांनी एका मुलाचं नाव ठेवलं हर्बर्ट स्पेन्सर आणि दुसऱ्याचं जॉर्ज डार्विन! आपल्याकडे देवाचं किंवा आजोबांचं नाव ठेवतात, तसं यांच्याकडे शास्त्रज्ञांचं.

घरात पुस्तकं होती, पण पैसे फारसे नव्हते. शाळा संपल्यावर हर्बर्टने लगेच कॉलेज गाठलं असं झालं नाही. तो खेडेगावातल्या शाळांमध्ये मुलांना शिकवू लागला. १८८९ मध्ये त्याला टेक्सासमधल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. गंमत म्हणजे तेव्हा त्याच्याकडे स्वतःची पदवीसुद्धा नव्हती! ती नोकरी वर्षभरच टिकली. मग तो मिशिगन विद्यापीठात विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि १८९३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, पदवीधर झाला.

मिशिगनमध्ये मोठमोठी तळी आहेत. त्या तळ्यांतल्या रोटिफर नावाच्या अगदी लहान प्राण्यांचा त्याने अभ्यास केला. इथून त्याला सूक्ष्मदर्शकाची जी गोडी लागली ती आयुष्यभर सुटली नाही. पुढे हार्वर्ड विद्यापीठातून १८९६ मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली. आता आपण त्याला जेनिंग्ज म्हणू या आणि मोठ्या माणसाला म्हणतात तसं ‘ते’ म्हणू या.

३. जर्मनीतला हिवाळा

हार्वर्डने जेनिंग्ज यांना परदेशी जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ते जर्मनीत येना शहरात माक्स फेरवोर्न या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत गेले. फेरवोर्न एकपेशीय जीवांवर काम करत होते. इथेच जेनिंग्ज पॅरामिशियमच्या मागे लागले.

त्याच हिवाळ्यात, म्हणजे १८९६-९७ मध्ये, मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली होती. तिथे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका छोट्या खोलीत वाल्डेमार हाफकिन प्लेगवरची लस तयार करत होते. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचंच नाव आहे. हाफकिन यांनीही तरुणपणी पॅरामिशियमसारख्या एकपेशीय जीवांचाच अभ्यास केला होता. त्या काळात शास्त्रज्ञांना नुकतंच कळू लागलं होतं, की डोळ्यांना न दिसणारे हे जीव माणसाच्या आयुष्यात किती मोठी उलथापालथ करू शकतात. त्यामुळे ते कसे जगतात, कशाकडे जातात आणि कशापासून पळतात, हे प्रश्न फक्त गमतीचे राहिले नव्हते.

या प्रश्नांचं एक उत्तर आधीच तयार होतं. १८८० च्या दशकात जर्मनीतल्या विल्हेल्म फेफर यांनी दाखवलं होतं, की जीवाणू अन्नाकडे पोहत जातात आणि आम्ल किंवा अल्कोहोल यांपासून दूर जातात. पण दूर जातात म्हणजे नेमकं काय करतात? बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटायचं की हे सगळं यंत्रासारखं होतं. खिडकीतलं रोप उजेडाकडे वाकतं ना, तसं. नको असलेलं रसायन जीवाच्या एका बाजूला जास्त लागतं, म्हणून त्या बाजूचे तंतू वेगळे हलतात आणि शरीर आपोआप फिरतं. तोंड थेट उलट्या दिशेला झालं की जीव सरळ लांब निघून जातो. त्याचं स्वतःचं काही नाही, रसायन त्याला फिरवतं.

उत्तर सोपं होतं, सुंदरही होतं. जेनिंग्ज यांनी फक्त एवढंच केलं, की एकेका पॅरामिशियमकडे तासन् तास नीट बघितलं.

४. आंधळी कोशिंबीर

त्यांना जे दिसलं ते वेगळंच होतं.

पॅरामिशियम पोहताना त्याचे तंतू समोरचं थोडं पाणी सतत आपल्याकडे ओढत असतात. जणू तो पुढच्या पाण्याचा नमुना चाखत चाखत जातो. पाणी चांगलं असलं की तसाच पुढे. नमुन्यात मीठ किंवा कडक आम्ल आलं, की सगळे तंतू उलटे हलू लागतात आणि तो मागे सरकतो. मग त्याचं पुढचं टोक थोडं बाजूला वळतं आणि गोल फिरतं. फिरताना तो या दिशेचं, मग त्या दिशेचं पाणी चाखतो. जिथला नमुना बरा लागतो तिथे पुन्हा पुढे जातो. तिथेही मीठ लागलं तर? पुन्हा मागे, पुन्हा थोडं वळून, पुन्हा पुढे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जेनिंग्ज यांनी टिपली ती अशी. पॅरामिशियम नेहमी स्वतःच्या एकाच ठरावीक बाजूकडे वळतो, म्हणजे त्याच्या तोंडाच्या विरुद्ध बाजूकडे. मीठ उजवीकडे असो की डावीकडे, त्याने फरक पडत नाही. कधी कधी तो वळतो तो थेट मिठाच्याच दिशेला! म्हणजे धोका कुठे आहे हे त्याला ठाऊकच नसतं. त्याला एवढंच कळतं, की इथे बरं नाही.

तुम्ही आंधळी कोशिंबीर खेळला असाल. डोळ्यांवर रुमाल बांधलेला असतो. हात भिंतीला लागला की तुम्ही एक पाऊल मागे घेता, थोडं वळता आणि पुन्हा पुढे जाता. खोलीचा नकाशा तुमच्याकडे नसतो, तरी तुम्ही दारापर्यंत पोहोचता. पॅरामिशियमही असाच चुकतमाकत जातो. जेनिंग्ज यांनी या वागण्याला टाळण्याची प्रतिक्रिया असं नाव दिलं. आजही जगभरातल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत ते नाव आहे.

५. आंबट पाण्याचं कोडं

आता एक कोडं. पॅरामिशियमांनी भरलेल्या पाण्यात अगदी सौम्य आम्लाचा, म्हणजे जरासं व्हिनेगर घातलेल्या पाण्याचा, थेंब सोडला तर काय होतं? थोड्याच वेळात त्या थेंबात पॅरामिशियमांची गर्दी होते. बघणारा लगेच म्हणेल की त्यांना आंबट आवडतं, आम्ल त्यांना ओढून घेतं.

जेनिंग्ज यांनी पुन्हा एकेका जीवावर नजर ठेवली. तेव्हा दिसलं की आम्लाकडे कुणीच वळत नाही. जो तो आपल्या वाटेने पोहत असतो. त्यांतला एखादा सहज थेंबात शिरतो. शिरताना तो थांबत नाही आणि वळतही नाही. पण आतून पोहत तो थेंबाच्या कडेला आला आणि त्याला बाहेरचं साधं पाणी लागलं, की तो मागे सरकतो! आत असताना बाहेरचं पाणी त्याला नकोसं वाटतं. म्हणून तो आतच राहतो. असे एकामागून एक आत येतात आणि बाहेर कुणीच पडत नाही. गर्दी जमते ती ओढ लागल्यामुळे नाही, तर बाहेर जायचं टाळल्यामुळे.

आम्ल कडक असेल तर चित्र बदलतं. थेंबाच्या मधोमध कुणी जात नाही, पण भोवती जिथे आम्ल पातळ झालेलं असतं तिथे पॅरामिशियमांचं कडं तयार होतं. आत फार आंबट, बाहेर अगदीच अळणी. दोन्हीकडून मागे फिरत फिरत ते मधल्या पट्ट्यात राहतात.

निसर्गात याचा त्यांना फायदाच होतो. जीव श्वास घेतात तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पाणी किंचित आंबट होतं. पॅरामिशियमचं अन्न म्हणजे जीवाणू. जिथे जीवाणू खूप, तिथे पाणी जरा आंबट. तिथे टिकून राहिलं की पोट भरतं. हे सगळं जेनिंग्ज यांनी १८९९ मध्ये लिहिलं.

ही युक्ती नेहमी कामाला येते असं मात्र नाही. साखरेच्या दाट पाकाची कड लागली तर पॅरामिशियम मागे फिरत नाही. सरळ आत जातो, त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो सुरकुतून मरतो. तळ्यात गुलाबजामचा पाक कुठून येणार? त्यामुळे अशा धोक्याशी त्याची कधी गाठच पडली नसावी.

६. बदलत्या नोकऱ्या, एकच प्रश्न

जर्मनीहून परतल्यावर जेनिंग्ज यांना एका जागी स्थिर व्हायला बराच वेळ लागला. मॉंटाना, मग डार्टमथ, मग मिशिगन, मग पेनसिल्व्हेनिया अशा त्यांच्या नोकऱ्या बदलत गेल्या. सूक्ष्मदर्शक मात्र सुटला नाही.

१८९८ मध्ये त्यांनी मेरी लुईझ बरिज यांच्याशी लग्न केलं. लुईझ उत्तम चित्रकार होत्या. मांजराच्या शरीररचनेवर जेनिंग्ज यांनी त्यांच्या शिक्षकांबरोबर एक पाठ्यपुस्तक लिहिलं. ते १९०१ मध्ये निघालं. त्यातल्या १७३ आकृत्या लुईझ यांनी काढल्या होत्या. पुढे अनेक वर्षं अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी त्या चित्रांवरून अभ्यास केला.

१९०६ मध्ये जेनिंग्ज बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आले आणि पुढची बत्तीस वर्षं तिथेच राहिले. त्याच वर्षी त्यांचं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक आलं. कनिष्ठ जीव कसे वागतात, हा त्याचा विषय.

या पुस्तकाने मोठा वाद पेटला. जॅक लोब नावाचे एक नामवंत शास्त्रज्ञ तेव्हा अमेरिकेत होते. लहान जीव बाहेरच्या शक्तींनी यंत्रासारखे फिरवले जातात, या मताचे ते सगळ्यात मोठे पुरस्कर्ते. प्रत्येक हालचाल रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राने समजावता आली पाहिजे, असं त्यांना वाटे. जेनिंग्ज भोळेपणाने बोलतात, पेशीला मन आहे असं सुचवतात, असा त्यांच्यावर आरोप झाला.

जेनिंग्ज यांचं म्हणणं तसं नव्हतं. पॅरामिशियम विचार करतो, असा त्यांचा दावा नव्हता. अमीबा जर एखादा मोठा प्राणी असता, तर त्याचं वागणं बघून आपण सहज म्हटलं असतं की याला भूक लागते, याला दुखतं, हे त्यांनी नक्की लिहिलं. पण त्याच्या आत खरोखर काय वाटतं, ते बाहेरून कळणार नाही, हेही ते सांगत. त्यांचा मुद्दा साधा होता. जीव फक्त ढकलला जात नाही. तो आपणहून हालचाल करतो, अनुभव घेतो आणि चुकलं तर हालचाल बदलतो.

७. तुतारीच्या आकाराचा स्टेंटॉर

याचं सगळ्यात छान उदाहरण त्यांना स्टेंटॉरमध्ये सापडलं. स्टेंटॉरही एकपेशीय जीव आहे, पण आकार तुतारीसारखा. त्याची एक जात तळाला चिकटून, आपल्याच एका नळीत बसून राहते. त्याच्या तोंडावर जेनिंग्ज यांनी लाल रंगाच्या बारीक पुडीचं पाणी हळूहळू सोडलं.

आधी स्टेंटॉरने दुर्लक्ष केलं. मग तो एका बाजूला वाकला. पूड येतच राहिली, तेव्हा त्याने तंतू उलटे हलवून ती झटकली. तरी थांबेना, म्हणून तो अंग आखडून नळीत शिरला. बाहेर आला तर पूड आहेच. शेवटी त्याने जागेवरून आपली पकड सोडली आणि तो दुसरीकडे निघून गेला.

पूड तीच, जीव तोच, पण दर वेळी उत्तर वेगळं. यंत्राचं तसं नसतं. लिफ्टचं बटण कितीदाही दाबा, लिफ्ट वैतागून निघून जात नाही! म्हणजे आधी काय घडलं याचा काहीतरी परिणाम त्या एका पेशीच्या आत उरतो, असं जेनिंग्ज यांनी मांडलं.

पुढे काही जणांनी हा प्रयोग पुन्हा करून बघितला, पण त्यांनी स्टेंटॉरची वेगळी जात घेतली होती. त्यांना तसं काही दिसलं नाही आणि जेनिंग्ज यांचा प्रयोग बाजूला पडला. मग २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी मूळची जात शोधून काढली आणि लाल पुडीऐवजी प्लॅस्टिकचे बारीक मणी वापरले. तेव्हा जेनिंग्ज यांनी सांगितलेल्या पायऱ्या त्यांना दिसल्या. आखडून बसायचं की सोडून जायचं, हे मात्र नाणं उडवल्यासारखं अनिश्चित होतं. शंभरहून जास्त वर्षांनी एका जुन्या निरीक्षणाला न्याय मिळाला.

८. माणसांबद्दलचा वाद

जेनिंग्ज यांचा एक वाद सूक्ष्मदर्शकाच्या बाहेरचा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काही लोक म्हणू लागले, की चांगली आणि वाईट माणसं जन्मतःच ठरतात. काही देशांचे लोक मुळातच कमी दर्जाचे आहेत, त्यांना देशात येऊ देऊ नये. या मताला त्यांनी विज्ञानाचं रूप दिलं होतं. जेनिंग्ज आनुवंशिकतेवरही संशोधन करत होते आणि या चळवळीच्या संस्थेचे सभासदही होते.

हॅरी लाफलिन नावाच्या माणसाने अमेरिकी संसदेच्या समितीसमोर आकडे मांडले. दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणारे लोक वाईट, असा त्यांचा निष्कर्ष होता. जेनिंग्ज यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. त्यांच्या लक्षात आलं, की या आकड्यांवरून तो निष्कर्ष निघतच नाही. ज्या वायव्य युरोपला चांगलं ठरवलं होतं, त्यातल्या आयर्लंडसारख्या देशाचे आकडेही काही बाबतींत वाईटच होते.

त्यांनी हे लिहिलं आणि १९२४ मध्ये समितीपुढे जाऊन सांगितलंही. तिथे त्यांना फारसं बोलूही दिलं नाही. कायदा झालाच. दक्षिण आणि पूर्व युरोपच्या लोकांवर कडक मर्यादा आली. आशियातल्या लोकांसाठी दारं आधीच जवळजवळ बंद होती, ती आणखी घट्ट झाली. जेनिंग्ज हरले, पण त्यांनी त्या संस्थेचा राजीनामा दिला. ज्या वाटेने निघालो ती चुकीची आहे हे कळल्यावर ते तिथेच रेटत राहिले नाहीत, मागे फिरले.

आईबाबांची नोकरी बदलली म्हणून देश बदलणं तुमच्यातल्या काहींनी अनुभवलं असेल. कोण कुठून आलं यावरून त्याची किंमत ठरवणारे आकडे समोर आले, तर ते कसे तपासायचे, हे या प्रसंगातून शिकण्यासारखं आहे.

९. शेवटची वर्षं

१९३१-३२ मध्ये जेनिंग्ज जपानमध्ये टोकियोच्या केओ विद्यापीठात शिकवायला गेले. १९३८ मध्ये त्यांची पत्नी लुईझ वारली. त्याच वर्षी ते हॉपकिन्समधून निवृत्त झाले आणि लॉस एंजलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात जाऊन पुन्हा पॅरामिशियमवरच काम करू लागले. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं! १४ एप्रिल १९४७ रोजी ते वारले.

त्यांनी पाहिलेली हालचाल पेशीच्या आत कशी घडते, हे त्यांना कळलं नव्हतं. ते उत्तर पुढच्या पिढीने शोधलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्याच लॉस एंजलिसच्या विद्यापीठात युताका नाइतो आणि रॉजर एकर्ट यांनी दाखवलं, की पॅरामिशियमचं पुढचं टोक कशाला आपटलं की पेशीच्या आवरणातली बारीक दारं उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. कॅल्शियम वाढलं की तंतू उलटे हलतात. नकोसं रसायन लागलं तरी शेवटी हेच घडतं. पुढे चिंग कुंग यांना असे पॅरामिशियम सापडले ज्यांची ही दारं काम करत नव्हती. त्यांना मागे जाताच येत नव्हतं. बुद्धिबळातलं प्यादं फक्त पुढे जातं, म्हणून त्यांचं नाव ठेवलं ‘प्यादं’!

जीवाणू तर पॅरामिशियमहून कितीतरी लहान. ई. कोलाय हा जीवाणू साधारण दोन मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे ५०० जीवाणू एका रांगेत ठेवले तर एक मिलिमीटर होतो. पण त्याची युक्तीही तशीच आहे. तो थोडा सरळ पोहतो, मग गिरकी घेतो आणि कुठल्यातरी नव्या दिशेने निघतो. नकोसं रसायन वाढत गेलं तर गिरक्या जास्त, कमी होत गेलं तर सरळ धाव लांब. आत्ताचं पाणी थोड्या वेळापूर्वीच्या पाण्यापेक्षा बरं आहे की वाईट, एवढंच तो तपासतो. अमेरिकेत ज्युलियस अ‍ॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७४ मध्ये ई. कोलाय कशाकशापासून दूर जातो, याची यादीच केली.

आता पाठाच्या सुरुवातीचा डुरियन आठवा. डोळे बांधलेत, वास येतोय. चार पावलं चाला आणि वास घ्या. वास वाढला? थोडं वळा. कमी झाला? पुढे चला. दुकान कुठे आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही तरी चालेल, तुम्ही त्यापासून लांब पोहोचलेले असाल. मेंदू नसलेल्या एका पेशीला हे जमतं, हे जेनिंग्ज यांनी जगाला दाखवलं. तुमचं मराठीही असंच पुढे जाणार आहे. एखादा शब्द चुकला तर थांबू नका. जरा मागे या, थोडं वळा आणि पुन्हा बोला.

शब्दार्थ

पेशी – सजीवाच्या शरीराचा सगळ्यात लहान जिवंत भाग
एकपेशीय – ज्याचं शरीर एकाच पेशीचं आहे असा
सूक्ष्मदर्शक – अगदी लहान वस्तू मोठी करून दाखवणारं यंत्र
वल्हं – नाव चालवण्याचं लाकडी साधन (अनेक : वल्ही)
साथ – खूप लोकांना एकाच वेळी होणारा आजार
अळणी – मीठ किंवा चव नसलेलं
कडं – गोल वेढा. हातात घालतात तो गोल दागिनाही
चुकतमाकत – चुका करत, त्या सुधारत
रेटणं – जोर लावून पुढे ढकलत राहणं
पुरस्कर्ता – एखाद्या मताची बाजू घेणारा
आनुवंशिकता – आईवडिलांकडून मुलांकडे गुण येणं

बोलताना आणि लिहिताना : या पाठात ‘झालं, केलं, दिसलं’ अशी बोलण्यातली रूपं आहेत. जुन्या पुस्तकांत तुम्हाला ‘झाले, केले, दिसले’ असं वाचायला मिळेल. अर्थ एकच.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तर लिहा.
अ) जेनिंग्ज यांच्या भावाचं नाव कुणावरून ठेवलं होतं?
आ) पॅरामिशियम मागे सरकतो तेव्हा त्याचे तंतू काय करतात?
इ) न बदलता फक्त पुढे जाणाऱ्या पॅरामिशियमना ‘प्यादं’ हे नाव का दिलं?

२. तीन-चार वाक्यांत लिहा.
अ) सौम्य आम्लाच्या थेंबात पॅरामिशियमांची गर्दी का होते?
आ) स्टेंटॉरने पुडीपासून वाचण्यासाठी काय काय केलं? क्रमाने सांगा.
इ) जेनिंग्ज यांनी संस्थेचा राजीनामा का दिला?

३. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण घरी विचारा. पॅरामिशियमला ही म्हण लागू पडते का? ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा आणि कारण द्या.

४. करून पाहा : भावंडं किंवा मित्रांबरोबर आंधळी कोशिंबीर खेळा. डोळे बांधलेल्या खेळाडूला फक्त ‘बरं’ आणि ‘वाईट’ हे दोनच शब्द सांगायचे. डावीकडे, उजवीकडे असं म्हणायचं नाही. तो दारापर्यंत किती वळणं घेऊन पोहोचला, ते मोजा आणि पुढच्या तासाला वर्गात सांगा.